आठ ढिले नट

सोहनलालशेठ सलग चौथ्या दिवशी जळगावहून धुळ्याला येऊन गॅरेजच्या दारात उभे राहिले, तेव्हा पितांबर आबांनी मान वर न करताच विचारलं, "का हो शेठ, एसटीत नोकरी धरली का?"

"इकडे जरा काम होतं," शेठ म्हणाले.

"हां, तुमनं काम आठेच शे," आबा अहिराणीत म्हणाले, म्हणजे काम इथेच आहे. "बसा."

शेठ बसले. पत्र्याच्या भिंतीला लागून एक लोखंडी स्टूल होतं. त्यावरून गाडीचा पुढचा सगळा भाग दिसायचा आणि आबांचे दोन्ही हातही दिसायचे. ही जागा शेठनी पहिल्याच दिवशी हेरून ठेवली होती.

गाडी लाल होती, दोनच माणसांची, दबा धरून बसलेल्या मांजरासारखी बुटकी. साठ वर्षांपूर्वी विलायतेत बनलेली स्पिटफायर. शेठचे थोरले बंधू रतिलालभाई यांनी ती तरुणपणी मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून हौसेनं घेतली होती. रतिलालभाई गेले आणि गाडी जळगावच्या गोदामात खिळ्यांच्या पोत्यांमागे तीस वर्षं झाकून राहिली. मग शेठची नात प्रियल इंजिनिअर होऊन पुण्याहून परतली. तिनं गाडीवरची ताडपत्री ओढली, शिंकली आणि तिथल्या तिथे गाडीच्या प्रेमात पडली. वर्षभर खपून तिनं इंजिन चालू केलं, ब्रेक नवे केले. पण पुढचं सस्पेन्शन खोलून पुन्हा नीट जोडायचं तर जुना जाणता हात हवा होता. पितांबर आबा उमेदीच्या काळात हेराल्ड गाड्यांच्या वर्कशॉपात होते आणि या गाडीचं पुढचं अंग थेट हेराल्डसारखंच. म्हणून गाडी टेम्पोवर घालून धुळ्याला आली होती.

सस्पेन्शन म्हणजे फार अवघड काही नाही. माणूस भरलेली कळशी घेऊन खड्ड्याखळग्यांतून चालतो तेव्हा पाय वरखाली होतात, पण कळशी सांडत नाही, कारण मध्ये गुडघा असतो, कंबर असते, खांदा आणि कोपर असतं. गाडीच्या पुढच्या चाकांनाही असेच सांधे लागतात. प्रत्येक चाकाला दोन लोखंडी हात, एक वर, एक खाली. हात जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडले जातात तिथे रबराचा जाड बुश, म्हणजे लोखंडावर लोखंड घासू नये. मध्ये एक भक्कम स्प्रिंग. चाक वळावं म्हणून खाली एक पितळी ठोकळा. हे सगळं जागच्या जागी असलं तर गाडी पाण्यासारखी चालते. एखादा सांधा चुकला तर चाक मनाला येईल तिकडे जातं.

आणि या चाकांवर येत्या रविवारी शेठची बायको बसणार होती.

धनकुंवरबाईंचं माहेर धुळ्याचं. पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या याच गाडीतून जळगावला आल्या होत्या. रतिलालभाईंनी गाडी दिली होती आणि नवरदेव स्वतः चालवत होते. नवरदेवांचं सगळं लक्ष गिअरकडे असल्यानं पारोळ्यापर्यंत ते नव्या नवरीशी एक अक्षर बोलले नव्हते, ही गोष्ट बाई अजून पाहुण्यांना सांगायच्या. आता गाडी पुन्हा चालणार म्हटल्यावर त्यांनी फर्मान काढलं होतं, "त्याच रस्त्यानं, त्याच गाडीतून सासरी जायचंय मला. प्रियल चालवेल. तुमच्या डोळ्यांचा आता भरवसा नाही. तुम्ही मागून बसनं या."

म्हणजे बायको आणि नात दोघी, मोठ्या हायवेवर नव्वद किलोमीटर, कंटेनरच्या चाकांएवढ्या उंचीच्या गाडीत. शेठची झोप त्या दिवसापासून उडाली होती.

तशी त्यांची शंका ही धंद्यातली होती. पन्नास वर्षं त्यांनी नटबोल्ट, खिळे, कड्या-कोयंडे विकले होते. खोक्यावरचं नाव एक आणि आतला माल दुसरा, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की घरी आलेली मिठाईसुद्धा ते खोकं उलटं करून बघायचे. शिवाय याच गाडीचा मूळ कार्ब्युरेटर एका मेकॅनिकनं मागे गुपचूप बदलून घेतला होता आणि रतिलालभाईंना ते तीन वर्षांनी कळलं होतं. तेव्हापासून शेठच्या दुकानाचा रिवाजच पडला होता: कुठलीही वस्तू दुरुस्तीला जायची तर तिच्यावर कुणाला दिसणार नाही अशी खूण करायची. या वेळीही आबांनी पुढचा भाग खोलून सुटे भाग मांडले, तेव्हा ते चहाला गेलेले पाहून शेठनी खिशातली हिरव्या रोगणाची छोटी बाटली काढली आणि बावीस भागांवर मोहरीएवढे ठिपके देऊन ठेवले.

शेठची आणखी एक सवय होती. ते कधी विचारत नसत. दुकानदारानं गिऱ्हाइकासमोर "हे कशाला लागतं?" असं विचारलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलंच. त्यामुळे माहीत नसलं तरी मान डोलवायची आणि नंतर आपलं आपण शोधून काढायचं, अशी पन्नास वर्षांची शिस्त. आणि पितांबर आबा असे, की हात चालू असले की तोंड बंद. एक विचारत नाही, दुसरा सांगत नाही. दोघांच्या मध्ये शंका मस्तपैकी पोसली जात होती.

पहिली शंका तेलाची. पितळी ठोकळ्यात आबा ग्रीस भरतील असं शेठना वाटलं होतं. जगात जिथे सांधा तिथे ग्रीस. पण आबांनी गिअरबॉक्सचं जाड तेल पिचकारीनं आत सोडलं. ग्रीसचा डबा शेजारीच उघडा होता. शेठनी मान डोलवली आणि मनात म्हटलं, वाचवतोय.

दुसरी शंका त्या ठोकळ्याचीच. आबांनी तो आट्यांवर शेवटपर्यंत फिरवून घट्ट बसवला आणि मग पूर्ण एक फेरा उलटा फिरवून सैल केला. घट्ट बसलेली वस्तू कोण सैल करतं? शेठनी पुन्हा मान डोलवली.

तिसरी शंका दोन पायांची होती. तिचं नाव तेजस. नाशिकचा तरुण, जुन्या गाड्यांचा शौकीन. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या तसल्याच एका बुटक्या गाडीतून आला, लाल गाडीभोवती तीनदा फिरला आणि शेठना म्हणाला, "काका, कधी द्यायची झाली तर पहिला फोन मला." मग तो आबांना बाजूला घेऊन बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिला. शेठ जवळ गेले तसं बोलणं थांबलं.

त्या दिवशी बसमध्ये शेठनी सगळा हिशेब लावला. गाडी मुद्दाम कच्ची जोडायची. रविवारी ती रस्त्यावर डगमगली, बायकामाणसं घाबरली, की घरचेच म्हणतील, विका ही ब्याद. मग पहिला फोन कुणाला? एवढा सरळ डाव आपल्याला आधी कसा दिसला नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

शनिवारी दुपारपर्यंत सगळं जोडून झालं. गाडीचं तोंड दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, टेकवलेलं होतं, चाकं काढलेली, हात दोन्ही बाजूंना खाली लोंबकळत होते. आबांनी अवजारं पुसून ठेवली.

"कुसुंब्याला पुतणीच्या पोरीचा साखरपुडा शे," ते हात धुता धुता म्हणाले. "उद्या सकाळी नऊला अक्कांना आणि पोरीला घेऊन या. गाडीत बसणारी माणसं पाहिजेत. त्यांच्याशिवाय हे काम पुरं होत नाही."

शेठच्या कानांनी त्यातून एवढंच उचललं, की हा माणूस गाडी चालवून न बघता थेट बायकांना आत बसवणार.

आबांनी कुलूप लावलं, किल्ली समोरच्या चहाच्या टपरीवर ताईबाईकडे दिली आणि मोटारसायकलवरून निघून गेले. ताईबाई वीस वर्षं ती किल्ली सांभाळत होती. शेठनी एक चहा घेतला, अर्धाच प्यायले.

"ताईबाई, माझा चष्मा आत राहिला वाटतं."

"नाकावर शे तो कुणाचा?"

"हा लांबचा. जवळचा राहिला."

ताईबाईनं एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि किल्ली दिली.

शेठ आत गेले. सत्तरी ओलांडलेले गुडघे वाकवून गाडीपाशी बसले आणि पहिल्यांदाच त्या सांध्यांना हात लावला. डाव्या बाजूचा खालचा हात. आतल्या टोकाला, रबराच्या बुशातून आलेल्या बोल्टवर नट. नट त्यांच्याच दुकानातले, आत निळ्या नायलॉनची कडी असलेले. ही कडी बोल्टवर चढली की नट थरथरीनं सुटत नाही. पण हा नट कडीपर्यंत पोचलेलाच नव्हता. शेठनी दोन बोटांनी फिरवला तर तो बाटलीच्या बुचासारखा फिरला.

दुसरा पाहिला. ढिला. तिसरा, चौथा, पलीकडच्या बाजूचे चार. आठच्या आठ नट, ज्यांच्यावर दोन्ही चाकांचे हात गाडीला धरून राहायचे, ते बोटांनी फिरत होते.

क्षणभर त्यांना हायवेवरची लाल गाडी दिसली, पुढचं चाक फेंगडं झालेलं. धनकुंवरबाईंचा हात दाराला घट्ट धरलेला.

आरडाओरडा करावा असं त्यांना वाटलं. पण आरडाओरडा केला तर हा आबा म्हणेल, चुकून राहिलं शेठ. आणि पुढच्या वेळी अधिक हुशारीनं करेल. धंद्यातला माणूस चोर पकडल्याचं चोराला सांगत नाही. आधी गल्ला सुरक्षित करतो. शेठनी भिंतीवरचे दोन पाने काढले, एक बोल्टाच्या डोक्याला, एक नटाला. आणि नट आवळणं हे काम त्यांना कुणी शिकवायला नको होतं. एकेक नट त्यांनी असा आवळला की मनगटं दुखायला लागली. आठवा झाला तेव्हा शर्ट भिजला होता आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा छातीवरचा दगड उतरला होता.

किल्ली परत देताना ताईबाईनं विचारलं, "मिळाला चष्मा?"

"मिळाला."

"अर्धा तास लागला."

शेठ स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

रविवारी सकाळी नऊ वाजता धनकुंवरबाई गॅरेजवर आल्या त्या मोतिया रंगाची साडी नेसून. प्रियल पुण्यात शिकलेली, ती जीन्सवरच आली होती, पण दादीनं आग्रह केला म्हणून कपाळाला टिकली होती. शेठ मागे उभे होते. आज गाडीला चाकं चढली होती. आबांनी जॅक हळूहळू सोडला, घोडे काढून घेतले आणि गाडी चार दिवसांनी स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

शेठना ती फारच रुबाबदार दिसली. तोंड कसं वर, ताठ.

पितांबर आबा मात्र दोन पावलं मागे सरले. त्यांनी डोकं तिरकं करून गाडीकडे पाहिलं. मग पुढे होऊन बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवले आणि अंगाचा भार टाकला. गाडी जेमतेम खाली गेली आणि लगेच अंग झटकल्यासारखी वर आली. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. ते पोत्यावर आडवे झाले आणि गाडीखाली सरकले. बराच वेळ फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"कोणी हात लावला हिला?"

धनकुंवरबाईंनी प्रियलकडे पाहिलं, प्रियलनं आबांकडे.

"मी काल सगळं ढिलं ठेवून गेलो होतो. आठी नट. आता ते असे आवळलेत जसं रेल्वेचं रूळ बांधलंय. किल्ली ताईबाईकडे. ताईबाई! ओ ताईबाई!"

ताईबाई पदराला हात पुसत रस्ता ओलांडून आली.

"काल किल्ली कुणाला दिली?"

ताईबाईनं शेठकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मग आबांकडे वळली. "दिली एकाला. त्याच्या तोंडानं त्यानं सांगावं, मी चहाडी करनार नही."

"हे कोडं घालू नको मला. तो नाशिकवाला आला होता का?"

"मी बोलली ना, चहाडी करनार नही."

"मग किल्ली ठेव इथे. वीस वर्षं झाली ती झाली."

ताईबाईनं कमरेची किल्ली सोडली आणि लाल बॉनेटवर ठेवली. ठेवताना आवाज होऊ नये म्हणून बोटांनी जपून ठेवली. शेठना तो न झालेला आवाज फार मोठा वाटला.

त्यांच्या डोक्यात अजून जमाखर्च चालू होता. ढिलं ठेवून गेलो होतो, हे तर आता हा स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय. पकडला गेल्यावर माणूस काहीही सांगतो. पण मग चिडला का? डाव फसला म्हणून? की खरंच? आणि समोर ही बाई, जिनं आपलं नाव घेतलं नाही.

"मी आवळले," शेठ म्हणाले.

"काय?"

"नट. मी आवळले. आठही. ढिले होते. माझी बायको बसणार आहे यात, आबा. नात बसणार आहे."

"दादाजी!" प्रियल कपाळाला हात लावून म्हणाली.

"तू गप्प बस. तुला माहीत होतं का ढिले आहेत ते?"

"अहो, ढिलेच ठेवतात!"

"कोण ठेवतं?"

पितांबर आबा ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते शेठजवळ आले आणि म्हणाले, "उजवा हात खाली सोडा. सैल."

शेठनी संशयानंच हात सोडला. आबांनी त्यांच्या शर्टाच्या बाहीची चिमूट मनगटाशी धरली आणि ती विजारीला घट्ट दाबून धरली.

"आता नमस्कार करा मला."

"काय?"

"करा तर."

शेठनी हात वर घ्यायचा प्रयत्न केला. बाही ताणली, खांद्याशी शिवण कुरकुरली, हात अर्ध्यातच अडला.

"जोर लावा. शर्ट फाटू द्या."

"नवा आहे तो," धनकुंवरबाई मागून म्हणाल्या.

आबांनी बाही सोडली. मग शेठचा हात स्वतःच वर उचलून छातीशी आणला आणि त्या जागी बाही पुन्हा चिमटीत धरली. "आता हलवा. थोडा वर, थोडा खाली. ताण येतो?"

"नाही. फारसा नाही."

"बस. एवढंच शे." आबांनी कामाच्या टेबलावरून जुना बुश उचलला, बोटभर लांबीचं रबर, आत लोखंडी नळी. "नट आवळला की ही आतली नळी जागेवर जखडली जाते. रबर बाहेरून हाताला चिकटलेलं. हात फिरला की रबर पिळतं. काल गाडी घोड्यांवर होती, हात खाली लोंबकळत होते. तुम्ही तिथेच आवळलं. आज गाडी जमिनीवर आली, हात वर गेले, आठी रबरं पिळून बसली. म्हणून तोंड वर करून उभी शे ती. ती ताठ नाही शेठ, आखडलीय."

शेठनी गाडीकडे पाहिलं. खरंच, आता ती मान अवघडलेल्या माणसासारखी दिसत होती.

"म्हणून मी म्हटलं, बसणारी माणसं आणा. गाडी चाकांवर उभी करायची, बसणारे आत बसवायचे, दोनदा हलवायची, हात जिथे राहायचे तिथे आले की मग आवळायचं. माझ्या उस्तादानं असंच शिकवलं. तो पोती ठेवायचा. मी माणसंच बसवतो."

"आणि अशीच गेली असती तर?" हा प्रश्न धनकुंवरबाईंनी विचारला.

आबांनी खोटं सांगितलं नाही. "आज पोचल्या असत्या अक्का तुम्ही. खड्ड्यात उडत, धडधडत, पण पोचल्या असत्या. दोन-चार महिन्यांत रबरं फाटली असती. मग चाक कुठे जायचं ते चाकानं ठरवलं असतं."

"आणि तो तेजस?" शेठना राहवलं नाही. "तो काय कुजबुजत होता?"

"त्याला लाज वाटते मोठ्यानं बोलायची. त्याच्या गाडीचे बुश तिसऱ्यांदा फाटले. घरी स्वतःच आवळतो, गाडी टांगलेली असताना." आबा पहिल्यांदा हसले. "तुम्ही दोघं सारखेच शहाणे."

"ते तेल? ग्रीसच्या जागी?"

"ग्रीस वाळतं. पितळ कोरडं पडतं आणि एक दिवस तुटतं. तेलच लागतं त्याला."

"आणि एक फेरा मागे घेतला तो?"

"स्टिअरिंग पूर्ण वळायला जागा नको? अजून काही? चार दिवस समोर बसून होते, तोंडात गुळणी धरली होती का?"

शेठ बॉनेटपाशी गेले, किल्ली उचलली आणि ताईबाईपुढे धरली. ताईबाईनं ती घेतली नाही. ती आबांकडे बघत राहिली. आबांनी कान खाजवला, घसा खाकरला आणि म्हणाले, "घे व माय. चुकलं मनं." मगच तिनं किल्ली कमरेला लावली.

आबांनी आठ नट सोडले आणि बाजूला टाकून दिले. "नायलॉनची पकड एकदा गेली की गेली, हे तुम्हाला मी सांगायचं का, दुकानवाले?" नवे आठ काढले. "या अक्का, बसा आत. पोरी, तू स्टिअरिंगला."

दोघी बसल्या. धनकुंवरबाईंना खाली इतकं वाकावं लागलं की त्या म्हणाल्या, "ही विहीर आहे की गाडी?" गाडी त्यांच्या भारानं हळूच खाली आली. आबांनी बंपर धरून ती तीन-चारदा हलवली, सोडली आणि तिला थांबू दिलं. मग पाने उचलले.

"आबा," शेठ म्हणाले, "आता तुम्ही आवळाल ते बरोबरच आवळाल कशावरून?"

प्रियलनं डोळे मिटून घेतले. पण आबांनी दुसरं पोतं अंथरलं. "या खाली."

सोहनलालशेठ पोत्यावर आडवे झाले, बहात्तराव्या वर्षी, पांढऱ्या शर्टात, आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेले. आत तेलाचा आणि नव्या रबराचा वास होता. प्रत्येक भागावर त्यांचा हिरवा ठिपका होता.

"बावीस आहेत," शेजारी आडवे झालेले आबा म्हणाले. "पहिल्याच दिवशी मोजले मी. धुताना जपावं लागलं, रोगण कच्चं होतं."

शेठनी जवळच्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. आबांनी पाना त्यांच्या हातात दिला. "आवळा. मी सांगेन तिथे थांबा. जोर दाखवायचा नाही."

एक झाला. दोन झाले. डोक्यावर वितीच्या अंतरावर धनकुंवरबाई बसल्या होत्या. त्या जरा हलल्या की लोखंडी हात केसभर हलायचा आणि शेठना ते दिसायचं. आपली बायको एवढ्याशा हालचालीनं केवढं लोखंड हलवते, हे ते बघत राहिले.

"झालं का? माझ्या कमरेला रग लागली," वरून आवाज आला.

"हलू नका अक्का, अजून तीन शे."

साडेदहाला गाडी निघाली. तोंड आता दोन बोटं खाली होतं आणि ती दबा धरून बसल्यासारखी दिसत होती, जशी दिसायला हवी तशी. शेठ मागची एसटी पकडून निघाले. फागणे गेलं, मुकटी गेलं. पुढची काच दिसेल अशी जागा त्यांनी धरली होती, पण लाल गाडी कधीच दिसेनाशी झाली होती. रस्त्याकडेला प्रत्येक थांबलेलं वाहन त्यांना लाल वाटत होतं. फोन करावा तर प्रियल चालवत असेल. न करावा तर काही झालं असलं तर?

पारोळ्याच्या स्टँडबाहेर त्यांना ती दिसली. उभी होती. शेठ बस थांबायच्या आत दारात येऊन उभे राहिले आणि खाली उतरून जवळजवळ पळतच गेले.

दोघी रसवंतीत उसाचा रस पीत होत्या.

"काय झालं? का थांबलात?"

"तहान लागली," धनकुंवरबाई म्हणाल्या. त्यांचे केस वाऱ्यानं विस्कटले होते आणि त्या दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. "आता तुम्ही बसा गाडीत. मी बसनं येते."

"छे, छे. तुझी हौस आहे ती. जळगावपर्यंत जा."

"झाली हौस. आता तुम्ही नाही बसलात तर वर्षभर मला विचारत बसाल, आवाज कसला येत होता, चाक कसं वळत होतं. स्वतः बसा आणि बघा."

"अगं पण तुझ्या वजनावर आवळलंय ते!"

"म्हणजे? आता मी जन्मभर या गाडीतून उतरायचं नाही का?"

प्रियल इतकी हसली की तिच्या नाकात रस गेला. "दादाजी, थोडं कमीजास्त चालतं."

"हे तुला कुणी सांगितलं?"

पण धनकुंवरबाईंनी त्यांच्या खिशातलं तिकीट काढून घेतलं होतं. कंडक्टरनं बेल दिली, त्या साडी सावरत चढल्या, खिडकीतून हात हलवला आणि बस निघाली. आता शेठजवळ दुसरा मार्ग उरला नव्हता. त्यांनी लाल दार उघडलं, आधी एक पाय, मग कंबर, मग दुसरा पाय असं करत आत बसले. त्यांच्या भारानं गाडीचं तोंड हळूच खाली गेलं आणि तिथेच स्थिर राहिलं. ते खाली जाणं त्यांना कमरेत जाणवलं. मऊ होतं. कुठेही पीळ नव्हता.

प्रियलनं किल्लीला हात घातला.

"थांब," ते म्हणाले. कान देऊन ऐकत राहिले. काही वाजलं नाही. "हं. चल आता. जोरात घे, ती बस गाठायची आहे."

"कशाला?"

"तिच्या मागे मागे राहू. तुझी दादी आहे तिच्यात." शेठनी दाराचा दांडा घट्ट धरला. "त्या बसचे नट कुणी बघितलेत?"